बेंबळीच्या संगणकानं धरलेल्या जागा

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. यातला 'जुना' हा शब्द मी हळूच उच्चारतो, कारण बेंबळीत तो मोठ्यानं म्हटला की रस्त्यावरचा भंगारवाला हातगाडी थांबवतो. तेव्हा तुम्हीही जरा मनातल्या मनात वाचा.

माझा जन्म सोलापूरच्या एका दुकानात झाला. पेटी एकाची, पडदा दुसऱ्याचा, पंखा तिसऱ्याचा आणि कीबोर्ड कुणाचा ते देवालाच ठाऊक. कुळाचा पत्ता नसला तरी कामाला मी चोख होतो. तिथून मी धाराशिवच्या एका कॉलेजात गेलो. काय तो थाट! माझ्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. अंगावर मखमली झूल असे. दसऱ्याला झेंडूचा हार आणि गंध-अक्षता मिळत. मुलं मात्र मला लांबूनच बघत, कारण सर दारातच बजावत, "हात लावायचा नाही, नुसतं बघायचं." अशी कित्येक वर्षं मी नुसता बघितला गेलो. पुढं नवे संगणक आले आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली. वर कुणीतरी व्हॉलीबॉलची जाळी टाकली, आतल्या पंख्यावर कोळ्यानं संसार थाटला. मी मनात म्हटलं, संपलं आपलं.

पण संपलं नव्हतं. लिलावात शिवकन्येनं मला उचललं.

शिवकन्येचं माहेर तामलवाडी, सासर बेंबळी. बसथांब्यासमोरच्या पत्र्याच्या गाळ्यात तिनं ऑनलाईन सेंटर थाटलं होतं. नवरा धाराशिवला एका दुकानात कामाला, त्यामुळं इथलं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. तिनं मला गाळ्यात आणल्यावर सगळ्यात आधी दात घासायच्या जुन्या ब्रशानं माझा पंखा साफ केला आणि म्हणाली, "आता चाल बाबा, तुझ्या जिवावर सगळं हाय." कॉलेजात इतके हार मिळाले, पण असं कुणी बोललं नव्हतं. मी त्या दिवसापासून तिचा झालो.

शिवकन्येला एकच ध्यास होता, ग्रामपंचायत अधिकारी व्हायचं. जुनी माणसं त्याला ग्रामसेवकच म्हणतात. पानं फाटलेलं अभ्यासाचं पुस्तक ती प्रिंटरमागं ठेवायची आणि माझ्यावर एखादं पान उघडायला वेळ लागला की तेवढ्यात चार ओळी वाचून घ्यायची. माझ्या हळूपणामुळं तिचा बराच अभ्यास झाला, हे मी अभिमानानं सांगतो. यंदा भरती निघाली होती. वयाच्या अटीत ती यंदा बसत होती, पुढच्या साली बसणार नव्हती. म्हणजे हा अर्ज शेवटचाच. पण तिनं हे गावात कुणाला सांगितलं नव्हतं. उद्या नापास झाले तर लोक तोंडावर हसतील, असं तिला वाटायचं.

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडं एसटी आली की माणूस नंतर चढतो, आधी त्याचा रुमाल चढतो. खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, हाताशी काहीच नसलं तर कोथिंबिरीची जुडी आत टाकायची. ती ज्या सीटवर पडली ती जागा आपली. मग मालक तंबाखू मळत निवांत वर आला तरी चालतं. मधे कुणी बसलाच तर भांडण होतं, आणि भांडणात सगळी गाडी रुमालाच्या बाजूनं असते.

तर एकदा उत्तरेश्वर तात्या शेततळ्याचा अर्ज भरायला आले. तात्या म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. त्या दिवशी सरकारी पान काही केल्या पुढं सरकेना, पडद्यावर नुसतं चाक फिरत होतं. तात्या कंटाळून उठले आणि म्हणाले, "पोरी, हे बंद करू नको. तसंच राहू दे, म्या सकाळी येतो." शिवकन्येनं ती टॅब, म्हणजे ते उघडं पान, तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला, पुढं योगायोगानं मंजूरही झाला. झालं! तात्यांनी पारावर बसून जाहीर केलं की आपली टॅब रात्रभर रांगेत उभी होती म्हणून नंबर लागला.

नेमक्या त्याच सुमारास अमरसिंहाचा अर्ज नामंजूर झाला. त्यानं स्वतःच्या फोटोच्या जागी म्हशीचा फोटो दिला होता, हे कारण सरकारनं स्पष्ट कळवलं होतं. पण गावाचं म्हणणं वेगळंच पडलं. त्याची टॅब वीज गेल्यामुळं बंद झाली होती ना? मग रुमाल उचलला गेला, जागा गेली. म्हशीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

तेव्हापासून जो येईल तो काम झाल्यावरही बजावून जायचा, "ताई, माझी टॅब तेवढी चालू ठेवा बरं का." शिवकन्या समजावून थकली. पानाच्या पट्टीवर एक चांदणी असते, ती दाबली की पान जपून राहतं, हवं तेव्हा परत उघडता येतं, हे तिनं प्रत्येकाला दाखवलं. तात्या म्हणाले, "चांदणी आभाळात ठीक हाय. खाली जागा धरायला माणूस लागतो." शेवटी गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून तिनं मान डोलावली, वीज गेली तरी मी चालू राहावा म्हणून बॅटरी बसवली, आणि एकदा शब्द दिला की ती मोडणारी नव्हती.

मग माझे हाल काय सांगू! सुरुवातीला टॅबवर आख्खं नाव दिसायचं. गर्दी वाढली तशी नावं आखडली, पुढं नुसती पहिली अक्षरं उरली, मग तीही गेली आणि वर फणीच्या दातांसारखी रांग दिसू लागली. एका खिडकीत मावेनात म्हणून दुसरी खिडकी, मग तिसरी. वेशीकडच्यांची एक, तळ्याकडच्यांची एक आणि मळ्यातल्यांची एक. त्यात अमरसिंह आणि त्याचा सख्खा भाऊ योगीराज यांचं बांधावरून वाकडं. योगीराज मुद्दाम येऊन सांगून गेला, "ताई, माझी टॅब त्याच्या शेजारी नको. ते तिथंबी सरकत सरकत आत येतंय." शिवकन्येनं दोघा भावांना दोन खिडक्यांत वेगळं बसवलं.

कुठल्यातरी एका टॅबमधून मधूनच एक बाई ओरडायची, "अभिनंदन! आपण भाग्यवान ठरला आहात!" ती कुठं दडली होती ते मलाही सापडत नव्हतं. एकदा सिताबाई आपल्या मालकाच्या माघारी पेन्शनचा अर्ज करायला आली. डोळ्यांना पदर लावून ती नवऱ्याचं नाव सांगत होती, तेवढ्यात ही बया किंचाळली, "अभिनंदन!" सिताबाईनं पदर खाली घेतला. "कुणी सांगितलं गं हिला?" ती म्हणाली, "खरंय पर. लई छळलं मेल्यानं." आणि तिला हसू आवरेना. त्या दिवशी ती जरा बरी होऊन घरी गेली.

पण या सगळ्यांत थोरली टॅब कस्तुराबाईंची. या शेजारच्या मावशी गुडघ्यांमुळं तुळजापूरला जाऊ शकत नव्हत्या. म्हणून शिवकन्येनं त्यांना माझ्यावर आईचं थेट दर्शन उघडून दिलं. रोज जेवण झालं की मावशी यायच्या, दारात चपला काढायच्या, माझ्या डोक्यावर एक फूल ठेवायच्या आणि पडद्याला कुंकू लावायच्या. ते कुंकू कीबोर्डात पडून 'क' हे अक्षर सारखं अडकत असे. तक्रार कुणाकडं करणार? आणि चालू असलेली देवी बंद कोण करणार? ते दर्शन अष्टौप्रहर चालू राही आणि माझा निम्मा जीव त्यातच जाई.

आता त्या दिवसाकडं येतो. नवरात्र जवळ आलं होतं आणि गावात बाजार भरला होता. शिवकन्येच्या अर्जाची मुदत त्याच संध्याकाळी सहाला संपणार होती. अर्धा अर्ज तिनं आठवड्यापूर्वीच भरून मळ्याच्या खिडकीत ठेवला होता. उरलेला रोज भरायला बसायची आणि रोज कुणीतरी दारात यायचं, "ताई, दोनच मिनिटं." त्या दोन मिनिटांतच तिचा आठवडा गेला.

दुपार कलल्यावर तिनं दार अर्धं लोटलं, पुस्तक बाजूला ठेवलं आणि मला म्हणाली, "चल बाबा, आता आपलं." तिनं मळ्याच्या खिडकीत जाऊन फणीचे दात एकेक करून बघायला सुरुवात केली. इथं पीक विमा, तिथं जातीचा दाखला, पुढं कुणाचं तरी लग्न जमवायचं पान. तिची टॅब कुठंच दिसेना. मी जिवाचं रान केलं, मित्रांनो! पण माझ्या डोक्यात सगळा गाव बसला होता. चौथ्या-पाचव्या टॅबवरच माझा श्वास अडकला आणि मी ठप्प झालो. पडदा गोठला, बाण हलेना, आतला पंखा मळणी यंत्रासारखा घरघरू लागला.

मोबाईलवर तो अर्ज उघडत नव्हता. धाराशिवला जाऊन दुसऱ्या सेंटरवर नंबर लागेपर्यंत मुदत टळली असती. मला बंद करून पुन्हा चालू केलं असतं तर मी मोकळा झालो असतो, पण सगळ्यांच्या टॅब गेल्या असत्या आणि तिचा शब्दही. तिचं बोट माझ्या बटणापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. मला इतका राग आला! दाब की गं बाई, मी मनात ओरडत होतो, दाब!

तेवढ्यात तात्यांनी दारातून डोकं आत घातलं. "का गं पोरी, बाजाराच्या दिवशी दार लावून काय करायलीस? आन् बटणावर बोट कशाला? बंद करायलीस व्हय?"

'बंद' हा शब्द बाजारात कसा पोचला कोण जाणे, पण बघता बघता दारात गर्दी झाली. कुणाच्या हातात मेथीची जुडी, कुणाच्या काखेत कोंबडी. अमरसिंह एका बाजूनं आला, योगीराज दुसऱ्या बाजूनं. सिताबाई पुढं सरकली.

"ताई, माझी टॅब हाय न्हवं जाग्यावर?"

"तुमचा शब्द हाय बरं का!"

"माझं अनुदान आता आलंच हाय, आन् आज बंद करताव?"

शिवकन्या कधी कुणाला उलटून बोलत नसे. त्या दिवशी ती खुर्चीवरून उठली आणि तिचा आवाज फुटला. "तुमच्या सगळ्यांच्या जागा धरल्या म्या! दोन वर्षं धरल्या! त्यात माझी बी एक हाय. ग्रामसेवकाचा अर्ज हाय माझा, सहाला मुदत संपतीय, पुढल्या साली माझं वय बसत न्हाय. आन् तुमच्या गर्दीत माझीच मला सापडंना झाली!" आणि ती माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली.

दारातली ढकलाढकली थांबली. कोंबडीची फडफडसुद्धा. मग तात्या अगदी मनापासून म्हणाले, "तुझी? पर तुला कशाला लागतीय टॅब? सेंटर तुझंच की."

"म्हणूनच तर माझा नंबर लागंना तात्या," ती हुंदके देत म्हणाली.

तरी पहिला रुमाल कुणी उचलायचा? तात्या छताकडं बघू लागले. भाऊ एकमेकांकडं बघू लागले. "तेनं आधी करावी, मग म्या," दोघं एका सुरात म्हणाले. वेळ चालली होती आणि सगळे आपापल्या चपलांकडं बघत होते.

तेव्हा मागून काठी वाजली. कस्तुराबाई मावशी गर्दीतून वाट काढत आल्या, रोजच्यासारख्या चपला काढल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. आता ज्यांना माहीत नाही त्यांना सांगतो, नवरात्राच्या आधी तुळजापूरची आई निद्रेला जाते. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात आणि घटस्थापनेला आई पुन्हा सिंहासनावर येते. आमच्या भागात हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. त्या दिवशी आई पलंगावरच होती.

मावशी पडद्याकडं हात जोडून म्हणाल्या, "आई निजलीया. निजल्या माणसाच्या खोलीत दिवा कशाला जाळायचा? शिवकन्ये, माझी मिटीव."

"मावशी, खरंच?" शिवकन्येनं डोळे पुसले.

"ती चांदणी का काय म्हणतीस ती कर आन् मिटीव. घटाच्या दिवशी उठीव म्हणजे झालं." मग त्या गर्दीकडं वळल्या आणि काठी आपटली. "आईसाहेब सिंहासन सोडून निजायला जाती, आन् तुमी बसलाव व्हय धरून? लई मोठे लागून गेलाव तिच्यापरीस?"

शिवकन्येनं बराच वेळ धडपडून चांदणी दाबली, आईला नमस्कार केला आणि टॅब मिटवली. मित्रांनो, छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. पडदा हलला, बाण पळाला!

मग रांगच लागली. सिताबाई म्हणाली, "माझी बी निजू द्या." मळ्यातल्यांनी आपापल्या निजवल्या. तात्यांची टॅब मिटवली तर तिच्यामागं आणखी एक निघाली, आणि ती किंचाळली, "अभिनंदन!" ती केस काळे करायच्या तेलाची जाहिरात होती. सगळ्यांनी तात्यांच्या डोक्याकडं बघितलं. तात्यांनी टोपी खाली ओढली आणि म्हणाले, "ही चांदणी न करता मिटीव." भाऊ मात्र अजून अडूनच होते. तेव्हा मावशींनी तोडगा काढला. योगीराजानं अमरसिंहाची मिटवायची, अमरसिंहानं योगीराजाची. दोघांनी इतक्या आनंदानं माऊस हातात घेतला की त्यांचं आयुष्यात एवढं एकमत झालेलं कुणी पाहिलं नव्हतं.

शेवटी एकच टॅब उरली. शिवकन्येची.

आता गंमत बघा. इतकी वर्षं शिवकन्या जे जे बोलत आली होती ते सगळ्या गावाला पाठ झालं होतं, आणि गाव ते तिच्यावरच उलटवू लागला.

"नाव आधारवर हाय तसंच घाल," तात्या दरडावले.

"ईमेल नीट लिही, मग म्हणू नको सांगितलं न्हाय."

"फोटोत कान दिसायला पायजेत," अमरसिंह म्हणाला, "आन् म्हैस लावू नको."

"ओटीपी आला का? सांग लवकर, मागं माणसं खोळंबल्यात!" ही सिताबाई.

शिवकन्या रडत होती, हसत होती आणि टाइप करत होती. 'क' अडकला तेव्हा मावशींनी स्वतःच्या नखानं कुंकू खरवडून काढलं. तिनं शेवटचं बटण दाबलं. चाक फिरू लागलं. सगळा गाळा श्वास रोखून माझ्याकडं बघत होता, आणि कॉलेजातल्या बघण्यासारखं हे बघणं नव्हतं. मी आतला सगळा जोर लावला. चाक थांबलं आणि हिरव्या अक्षरांत आलं, 'अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला.' प्रिंटर कण्हत-कुथत चालू झाला आणि त्यातून पावती बाहेर आली.

शिवकन्येनं पावती बघितली, दोनदा बघितली. मग सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "हं, पुढचा नंबर कुणाचा?"

कुणी हललं नाही. बाजाराच्या दिवशी, भरल्या गाळ्यात, कुणीच म्हणालं नाही की माझा. तात्या खाकरले आणि म्हणाले, "बस जरा पोरी. चहा सांगितलाय."

मित्रांनो, पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. हल्ली संध्याकाळ झाली की ती सगळ्या टॅब निजवते आणि मी मोकळ्या डोक्यानं तिला सरावाचे प्रश्न विचारतो. ती पास झाली तर हा गाळा बंद होईल आणि भंगारवाल्याची गाडी माझ्यासाठीच थांबेल, एवढं मला कळतं. तरीही तिचं एखादं उत्तर चुकलं की मला घाम फुटतो. पास हो गं बाई, माझं काय व्हायचं ते होऊ दे.

तुम्हाला माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या घरच्या संगणकाच्या पंख्यावरची धूळ अधूनमधून झाडा. काम झालं की पान मिटवा, लागलंच तर चांदणी आहे. आणि कधी ऑनलाईन सेंटरवर गेलात, तुमचं काम झालं, पावती हातात पडली, तरी लगेच उठू नका. समोर बसलेल्या ताईला एकदा विचारा, "ताई, तुमचं काही भरायचं राहिलंय का?"